वैशाखातला गारठा

“काय गारठा पडलाय हो आज!”

ओसरीवर उभे राहून माझे सासरे ओरडले. महिना वैशाखाचा. दिवस धड वर आला नव्हता, तरी नारळाची एक झावळी हलत नव्हती आणि त्यांचा पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तरी ते गारठ्याबद्दल बोलत होते, आणि तेही कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने.

कुंपणापलीकडून चंपूकाकीचा आवाज आला. उत्तर तिने दिलं, पण आपल्या गाईला.

“ऐकलंस का गो कपिले? गारठा पडलाय म्हणे. गोधडी घे हो अंगावर.”

बाबांनी घसा खाकरला. पुन्हा म्हणाले, “अगदी हाडात शिरतोय!”

“मग म्हातारपण असेल ते,” काकीने कपिलेला समजावलं.

मी आत गार चुलीसमोर बसून हे ऐकत होते आणि माझं डोकं त्या चुलीपेक्षा कितीतरी जास्त तापलं होतं. मी पुण्याच्या रास्ता पेठेतली. आमच्या घरी स्टोव्ह होता, आणि शनिवारी वडील बाहेर गेले की आई तो गुपचूप पेटवून आम्हाला चहा द्यायची. लग्न होऊन रेवदंड्याजवळच्या या गावी आले ती नेहेमिया मास्तर चेऊलकरांच्या घरात. इथे शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत काड्यापेटी वरच्या फळीवर जायची ती शनिवारी तारे दिसल्यावरच खाली यायची. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. दुसऱ्या कुणाला पेटवायला सांगायचंही नाही, कारण सांगितलं म्हणजे आपणच पेटवल्यासारखं. शेजारचं कुणी आपल्या मनाने येऊन पेटवून गेलं तर ती गोष्ट निराळी.

हवापाण्याबद्दल बोलायला मात्र कुठल्याच शास्त्राची बंदी नाही. म्हणून गेली वीस वर्षं, उन्हाळा असो की पावसाळा, बाबा दर शनिवारी प्रार्थना आटोपून ओसरीवर यायचे आणि गारठा पडला आहे असं जाहीर करायचे. मग चंपूकाकी कुंपणातल्या वाटेतून वाकून आत यायची, “आहे खरा,” म्हणायची, चूल पेटवायची, चहा टाकायची आणि माझ्या सासूच्या खाटेशी बसून आपलाही कप प्यायची. बाबा तिच्याकडे बघायचे नाहीत. ते ओसरीवर बसून पुस्तक वाचायचे. चहा समोर आला की जणू तो आभाळातून पडला अशा चेहऱ्याने प्यायचे.

पहिल्यांदा हे सगळं पाहिलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबून हसले होते. आता हसायला येत नव्हतं. सलग दुसऱ्या शनिवारी चूल गार होती, आणि याला कारण बाबांचं खरं बोलणं.

झालं असं. दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी बाबांचे आतेभाऊ रहमीमकाका मुंबईहून मुक्कामाला आले होते. मुंबईत कुणा परदेशी विद्वानाकडून ते धर्म नव्याने शिकले होते आणि आम्हा गावाकडच्यांचा धर्म कुठे कुठे फाटला आहे ते तपासत होते. पोहे भिजवले कशात, मासा कुठला, त्याला खवले होते का, सगळं विचारून झालं. सकाळी चंपूकाकी आली, चुलीशी बसून फुंकू लागली, तेव्हा काकांनी भुवया चढवल्या.

“नेहेमिया, ही बाई तुझ्या सांगण्यावरून विस्तव पेटवते?”

बाबांना ते फार लागलं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली होती; आपली चूक कुणी काढलेली त्यांना खपत नसे.

“मी? मी सांगेन?” ते ताडकन उभे राहिले. “रहमीम, वीस वर्षांत मी या बाईंना कधी ‘या’ असं म्हटलेलं नाही. विचार त्यांना! त्या आपल्या मनाने येतात, आपल्या मनाने जातात. आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही!”

काकीच्या हातात फुंकणी होती. ती तिने हळूच खाली ठेवली. चहाला उकळी आलीच होती. तिने भांडं उतरवलं, त्यावर झाकण घातलं, आणि पदराला हात पुसत निघून गेली. स्वतःचा कप न घेता.

आईने, म्हणजे माझ्या सासूने, खाटेवरून हाक मारली, “चंपू! अगो चंपू!” पण आईचा आवाज तो केवढा. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले होते. भिंत धरून दारापर्यंत यायची, त्यापुढे नाही.

“रहमीमची बोलती बंद केली की नाही?” बाबा खूष होऊन मला म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला.

हा झाला मागचा इतिहास. आता गारठ्याला कुणी भीक घालत नाही हे बघून बाबा आत आले आणि गार भात, गार आमटीचं ताट पुढे ओढून बसले.

“काय झालंय तिला?” त्यांनी विचारलं.

“बाबा, त्या दुखावल्यात. तुम्ही म्हणालात ना, आमचा काही संबंध नाही म्हणून.”

“विस्तवाच्या बाबतीत म्हणालो.”

“त्यांना तसं वाटलं नाही.”

“त्याला मी काय करू? मी खरं बोललो की खोटं?”

“खरं. पण—”

“मग शब्बाथच्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं?”

आता या माणसाशी काय बोलायचं? नवरा असता तर त्याला मध्ये घातलं असतं. पण सायमन मुंबईच्या इस्पितळात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा, आणि आला तरी बापापुढे ब्र काढायची त्याची टाप नव्हती. गावात आमची म्हणावी अशी दोनच घरं उरली होती, तीही म्हाताऱ्यांची. राहिले मी. तेव्हा मीच सोमवारी कुंपणातून वाकून पलीकडे गेले.

चंपूकाकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. नवरा लवकर गेलेला, मुलगा पनवेलला, सून त्याच्याबरोबर. वाडी, गाय, विहीर सगळं ती एकटी बघायची आणि कुणाचं ऐकून घ्यायची नाही.

“काकी, आई आठवण काढतात.”

“मग तिला म्हणावं, ये माझ्याकडे. मी काय वाईट पाहुणचार करीन?”

“त्यांना चालवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

काकी आमसुलं उगाच उलटीपालटी करत राहिली.

“ठाऊक आहे गो,” ती म्हणाली. “पण ज्या घराचा माझ्याशी संबंध नाही, त्या घरात पाय कसा ठेवू? वीस वर्षं! माझ्या आईचा दहावा शनवारीच आला होता. आधी तुमची चूल पेटवली आणि मग नदीवर गेले. मला काय त्याची मजुरी हवी होती? कुणी विचारलं तर ‘आमच्या शेजारीणबाई’ एवढं म्हणता आलं नाही त्यांना?”

“ते तसं म्हणाले नाहीत, त्यांचा अर्थ—”

“अर्थबिर्थ मास्तरांकडेच ठेव. मला एक सांग, त्यांनी माझं नाव कधी घेतलेलं तू ऐकलंस?”

मी आठवून पाहिलं. ‘त्या बाई’, ‘पलीकडच्या’, ‘तिला’. नाव नव्हतं ऐकलं.

“एकदा म्हणावं. ‘चंपूबाई, या, चूल पेटवा.’ एवढंच. मग मी मरेपर्यंत पेटवीन.”

“मी त्यांना रविवारी आणते. तुमच्या अंगणात उभं राहून म्हणतील.”

“रविवारी कशाला? रविवारी त्यांचे हात मोडलेत? गरज शनवारची, तर म्हणायचंही शनवारी.”

“काकी! शनिवारी सांगायचं नसतं त्यांना. आमच्या धर्मात—”

“तो मला शिकवतेस होय गो कालची तू?” ती उसळली. “ठाऊक आहे मला. म्हणून तर. बघू दे एकदा, मी मोठी की त्यांचं ते न बोलणं मोठं.” आणि मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “पावसाआधी कुंपण घालून घेतेय. पुढच्या रविवारी गडी येईल. ती वाट पण बुजवायला सांगितलीय. उगीच गुरं शिरतात.”

त्या वाटेतून एवढ्या वर्षांत काकीशिवाय दुसरं कुणी शिरलेलं मी पाहिलं नव्हतं. रस्त्याने वळसा घालून आमच्याकडे यायचं तर देवळावरून यावं लागे. ती रागाने तेवढं येणार नव्हती, आणि आई तर जाऊच शकत नव्हती. वाट बुजली की संपलं. दोघी एकमेकींचं खोकणं ऐकत मरणार.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“शब्बाथला? तोंडाने? नाव घेऊन आज्ञा द्यायची?”

“आज्ञा नाही हो, बोलवायचं!”

“माझ्या बापाचा तेलाचा घाणा होता. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी शनवारी त्याने तो फिरवला नाही. लोक आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणायचे ते काय उगाच? त्याचा मुलगा मी, आणि एका बाईच्या रागासाठी…”

“एका बाईच्या रागासाठी नाही, आईसाठी!”

“तिला काय झालंय? ती काही म्हणाली का?”

आई काहीच म्हणत नव्हती, हीच तर रड होती. रोज दुपारी ती आणि काकी मिळून वाल सोलायच्या. भिजवलेल्या वालांचं भांडं मध्ये, आणि बोटांबरोबर तोंडंही चालू. सगळ्या गावाची उणीदुणी त्या भांड्यात पडायची. आता मी वाल भिजवून आईपुढे ठेवले तर दुसऱ्या दिवशी ते तसेच, आंबूस वास मारत. मी एकटीने सोलायला बसले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली. दोन घासांच्या वर जेवेना. बाबांनी विचारलं, “पोटात दुखतंय का?” ती म्हणाली, “नाही.” बाबांना वाटलं, मग ठीक आहे.

इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. एक म्हातारा, दोन म्हाताऱ्या, तिघांचे हात तिघांना हवेत, आणि मध्ये मी, निरोप्यासारखी कुंपणातून वाकून वाकून कंबर मोडून घेतेय. बाबा गुरुवारी म्हणाले, “तिला सांग, मी मनातून तिचा मान ठेवतो.” काकी म्हणाली, “मनातलं मन जाणे. मला कान आहेत.” मी शुक्रवारी दोघांनाही सांगून टाकलं की आता माझे पाय दुखतात.

शुक्रवारी संध्याकाळी आईने शब्बाथचा दिवा लावला. डोळ्यांवर हात धरून ती प्रार्थना म्हणते तेव्हा ती संपली की हात खाली येतात. त्या दिवशी ते आलेच नाहीत. बराच वेळ. मी आणि बाबा उभेच. शेवटी बाबांनी शब्बाथच्या आशीर्वादासाठी हातात घेतलेला मनुकांच्या रसाचा पेला पुन्हा खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, “मिल्का, रस तयार आहे.” तेव्हा तिने हात काढले. तळवे ओले होते.

शनिवारी सकाळी प्रार्थना झाली. बाबा ओसरीवर गेले. मी वाट पाहत होते, पण गारठ्याचा आवाज येईना. नुसते उभे. पलीकडे कपिलेच्या गळ्यातली घंटा वाजत होती, म्हणजे काकी गोठ्यातच होती.

माझा संयम संपला. मी पाटावर उभी राहून फळीवरून काड्यापेटी काढली आणि ओसरीवर जाऊन बाबांसमोर धरली.

“मी पेटवते. पाप लागेल ते मला लागू दे. पण आज त्यांच्या पोटात गरम काहीतरी जाणार आहे.”

“ठेव ती!”

“नाही ठेवणार!”

“सिपोरा!”

“ठेव गो सिपू,” आतून आईचा आवाज आला. “मला चहा नको.”

आम्ही दोघंही आत गेलो. आई खाटेवर उठून बसली होती. आठवड्यात पहिल्यांदाच ती आमच्याकडे तोंड करून बसली होती.

“तुम्हा दोघांना चहाचं वाटतंय होय?” ती म्हणाली. “चहा मी आयुष्यभर गार प्यायले असते. अहो, तुमची प्रार्थना संपली की चंपू वाकून यायची, तिच्या पदराला शेणाचा वास, आणि ‘आहे खरा’ म्हणायची, तेव्हा मला शब्बाथ वाटायचा. तुम्ही ओसरीवर तुमच्या देवाशी असता. मी इथे तिच्याशी असते. आता ती नाही. आता नुसता उपास.”

बाबा म्हणाले, “मी खोटं काही…”

“खरंच बोललात! जन्मभर खरंच बोलत आलात! उद्या ती वाट बुजेल. मग मी भिंतीकडे तोंड करून पडेन, आणि तुम्ही ओसरीवर बसा, खरे.”

एवढं बोलून तिला धाप लागली. बाबा खाली बसले. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही. माझ्या हातात काड्यापेटी तशीच होती आणि कुणी ती परत ठेवायला सांगत नव्हतं.

मग ते उठले. डोक्यावरची टोपी सारखी केली, दाराच्या चौकटीवरच्या मेजुजाला, पवित्र वचनं ठेवलेल्या त्या नळीला, बोटं लावून ओठांना लावली, आणि पायऱ्या उतरून अंगणात गेले. मी मागोमाग धावले. मला वाटलं, उन्हात भोवळ येऊन पडतात की काय.

ते थेट कुंपणातल्या वाटेपाशी गेले. वाकले मात्र नाहीत. अलीकडे उभे राहून त्यांनी शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात हाक मारली.

“चंपावतीबाई!”

गोठ्यातली घंटा थांबली. काकी बाहेर आली. हात कोपरापर्यंत शेणाचे.

“चंपावतीबाई, आमच्या घरी या,” बाबा म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ होते. “या, आणि आमची चूल पेटवा.”

मला रडू आलं. काकी जिंकली एकदाची, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक.

“मास्तर!” ती ओरडली. “अहो, आज शनवार!”

“ठाऊक आहे.”

“असं सांगायचं नसतं शनवारी!”

“तेही ठाऊक आहे.”

“मग सांगितलंत कशाला?”

“तुम्हीच म्हणालात, शनवारीच सांगा.”

“मी रागाने बोलले! रागाने माणूस काय वाटेल ते बोलतं! तुम्हाला एवढी शाळा शिकून ते कळू नये?” तिने आभाळाकडे पाहिलं, मग इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना अशा नजरेने. आता तीच बाबांवर डाफरत होती. “एवढी वर्षं मी जीव मुठीत धरून सांभाळलं. चुकून कधी ‘काय आणू’ म्हणून विचारलं नाही, तुम्हाला ‘आणा’ म्हणावं लागेल म्हणून! आणि तुम्ही खुशाल येऊन सगळ्यावर पाणी ओतलंत!”

बाबा मान खाली घालून उभे. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

काकी माझ्याकडे वळली.

“सिपू, हे आत्ता काही बोलले का गो?”

मी दोघांकडे पाहिलं. “नाही,” मी म्हटलं.

“मलाही काही ऐकू आलं नाही. गाय हंबरत होती.”

कपिला मुकाट्याने रवंथ करत होती.

“बोला आता,” काकी बाबांना म्हणाली. “नीट बोला. नेहमीचं.”

बाबांनी वर पाहिलं. डोक्यावर सूर्य नुसता भाजून काढत होता. त्यांच्या टोपीखालून घामाचा ओघळ कानामागे गेला.

“आज,” ते म्हणाले, “गारठा फार आहे.”

“आहे खरा,” चंपूकाकी म्हणाली, आणि वाकून आमच्या अंगणात आली.

त्या दिवशी तिने पेटवलेल्या चुलीचा धूर मला अजून आठवतो. घाईत ओली शेणी घातली होती तिने, सगळं घर कोंदलं. त्या धुरात आई खोकत होती, काकी खोकत होती, आणि खोकता खोकता दोघी भांडत होत्या. “एवढे दिवस कुठे मेली होतीस?” “तू तरी कुठे मेलीस? भिंत धरून दारात यायला काय झालं होतं?” चहा झाला. आईने घोट घेतला आणि म्हणाली, “साखर कमी आहे.” बाबा ओसरीवर पुस्तक उघडून बसले होते. त्यांच्यापुढे कप ठेवला तेव्हा त्यांनी तो आभाळातून पडल्यासारखा घेतला. पुस्तक उलटं धरलं होतं, ते मी सांगितलं नाही.

रविवारी गडी आला. काकीने त्याच्याकडून सगळं कुंपण घालून घेतलं आणि ती वाट तेवढी सोडायला लावली. उलट तिच्या दोन्ही बाजूंचे काटे तासून घेतले. म्हणाली, मास्तरांचा सदरा फाटेल.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर दारफाळणीचा सण आला. वर्षभराच्या पापांची देवाकडे क्षमा मागायची. त्या दिवशी घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून, अन्नपाणी वर्ज्य करून आम्ही बसतो. पण माणसाचा अपराध केला असेल तर देव तो माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं. सणाच्या आदल्या दिवशी बाबा कुंपणापाशी गेलेले मी पाहिले. या वेळी ते वाकून पलीकडे गेले. काय बोलले ते कळलं नाही, काकीचं “शी, मास्तर, उगाच काय!” एवढं ऐकू आलं. परत आले तेव्हा हातात दुधी होता.

सण उलटल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि माझ्याने राहवलं नाही.

“बाबा, ‘आमचा संबंध नाही’ म्हणालात, त्याची माफी काकींकडे मागितलीत ना?”

“मागितली.”

“आणि दुसरी? देवाकडे मागायची होती ती?”

“दुसरी कुठली?”

“अहो, शब्बाथच्या दिवशी तोंडाने म्हणालात ना, ‘या आणि आमची चूल पेटवा’!”

बाबांनी कप खाली ठेवला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मास्तर बघतात तसं, अगदी गंभीरपणे.

“तू ते ऐकलंस?”

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मग?” बाबा म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतून घेतला.